अमेरिकन सीमाप्रदेशाची पुराणकथा आणि समकालीन पुरावा

पुराणकथा ही काळाच्या अंतरातून जन्मास येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रथम घटना घडते. ती पाहणारी माणसे काही काळ हयात असतात. पुढे ती पिढी संपते, स्मृती धूसर होते आणि त्या धूसरतेत साध्या माणसाचा वीर व वीराचा देव बनतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाच्या तर हा क्रम हाडीमाशी खिळलेला असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला आणि बखरींची कठोर चिकित्सा केली, तेव्हापासून समकालीन अस्सल पत्र हे उत्तरकालीन बखरीहून बलवत्तर, हा दंडक आपल्याकडे रूढ झाला. दंडक योग्यच आहे. परंतु आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीतील पुराणकथांचा विचार करू लागताच तो अपुरा पडतो. कारण तेथे कथा घटनेच्या मागून येत नाही. ती घटनेच्या बरोबर चालते, कित्येकदा दोन पावले पुढेही असते. वृत्तपत्र, रंगभूमी, छायाचित्र, चित्रपट ही साधने ज्या हाताने घटनेची नोंद करतात त्याच हाताने तिला घडवीतही असतात. मग 'समकालीन' ह्या शब्दाला पुराव्याच्या दृष्टीने काय किंमत उरते? प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशाच्या कथेच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. ग्रीक 'मूथॉस' ह्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ वाणी, सांगणे, कथन एवढाच होता. मराठीत त्यासाठी पुराणकथा, प्राक्कथा, दैवतकथा, मिथ्यकथा आणि अलीकडे मिथक असे निरनिराळे शब्द योजले गेले. त्यांतील 'मिथ्यकथा' हा शब्द मला स्वीकारावासा वाटत नाही. त्यात निवाडा आधीच देऊन टाकलेला आहे. मॅलिनोव्स्की याने १९२६ साली ट्रोब्रिअँड बेटांवरील आपल्या अनुभवांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, पुराणकथा म्हणजे निसर्गाचा अडाणी खुलासा नव्हे. समाजाच्या रूढींना, हक्कांना आणि जमिनीवरील ताब्याला तिच्यामुळे सनदेचे बळ मिळते. रोलाँ बार्त याने १९५७ च्या आपल्या फ्रेंच निबंधसंग्रहात हीच दृष्टी नियतकालिके, जाहिराती आणि कुस्तीचे सामने यांच्याकडे वळविली व दाखवून दिले की, माणसांनी केलेली गोष्ट जणू निसर्गतःच तशी होती असे भासविणे, हे आधुनिक पुराणकथेचे कार्य होय. सनद आणि भास ह्या दोन्ही अर्थांनी येथे 'पुराणकथा' हा शब्द वापरला आहे. कथा खरी की खोटी हा प्रश्न त्यानंतरचा.

विल्यम फ्रेडरिक कोडी ऊर्फ बफेलो बिल हा ह्या कथेचा नायक. त्याचा जन्म १८४६ साली आयोवा प्रांतात झाला. कॅन्सस पॅसिफिक रेल्वेच्या मजुरांना मांस पुरविण्यासाठी त्याने रानरेड्यांची शिकार केली आणि त्यावरून त्यास हे नाव पडले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याने दीड वर्षात ४,२८० रेडे मारले. पुढे तो अमेरिकन घोडदळाचा वाटाड्या व टेहळ्या झाला, आणि त्या कामात तो खरोखरीच निष्णात होता. येथपर्यंतचे चरित्र त्या काळच्या अनेक माणसांसारखे आहे. १८६० पासून अमेरिकेत दहा सेंट किमतीच्या स्वस्त साहसकादंबऱ्यांची लाट आली होती. ह्या बाजारात वावरणारा एडवर्ड जडसन हा लेखक 'नेड बंटलाइन' ह्या टोपणनावाने लिहीत असे. १८६९ मध्ये त्याची कोडीला भेट झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या एका साप्ताहिकात बफेलो बिलावरील त्याची कथा क्रमशः येऊ लागली. तीतील पराक्रमांचा कोडीच्या प्रत्यक्ष आयुष्याशी संबंध नाममात्रच होता. तेव्हा कोडीचे वय अवघे तेवीस होते. म्हणजे ज्याचे कर्तृत्व अद्याप घडावयाचे आहे अशा माणसाची वीरगाथा छापून विकली जात होती, आणि पुढील आयुष्यात त्यास त्या गाथेला शोभेल असे वागणे भाग होते. डिसेंबर १८७२ मध्ये शिकागोच्या रंगभूमीवर कोडीने स्वतःचीच भूमिका केली. तेव्हापासून हिवाळ्यात नाटक आणि उन्हाळ्यात सैन्याची चाकरी, असा त्याचा क्रम पडला.

ह्या क्रमाचा परमोत्कर्ष १८७६ च्या उन्हाळ्यात झाला. २५ जून रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा व शायान योद्ध्यांनी जनरल कस्टर याच्या तुकडीचा संहार केला. राष्ट्र स्वातंत्र्याच्या शताब्दीचा उत्सव करीत असतानाच ही वार्ता पूर्वेकडील शहरांत पोचली. कोडी त्यापूर्वीच नाटकाचा हंगाम आटोपून पाचव्या घोडदळात रुजू झाला होता. १७ जुलै रोजी नेब्रास्कातील वॉरबॉनेट ओढ्यापाशी ह्या घोडदळाची शायानांच्या एका टोळीशी गाठ पडली. चकमक लहानशीच झाली. तीत शायानांपैकी जो एक योद्धा पडला त्याचे नाव हे-ओ-वाय, म्हणजे 'पीतकेश'. दुभाष्याच्या चुकीने तो इंग्रजी वाङ्मयात 'पीतहस्त' म्हणून अमर झाला आहे. कोडीने त्यास ठार केले आणि केसांसह त्याच्या डोक्याची कातडी सोलून काढून 'कस्टरसाठी पहिली' अशी आरोळी दिली, अशी कथा आहे.

इतिहासकाराने येथे थांबून एका तपशिलाकडे पाहावे. त्या सकाळी कोडीच्या अंगावर टेहळ्याचा मळका पोशाख नव्हता. काळी मखमल, लाल पट्ट्या, रुपेरी गुंड्या अशा थाटाचा मेक्सिकन घोडेस्वाराचा नाटकी वेष त्याने चढविला होता. आज युद्ध होण्याचा संभव आहे हे जाणून त्याने तो चढविला. पुढे नाटकात हा प्रसंग दाखविताना, प्रत्यक्ष रणांगणावर घातलेला हाच तो पोशाख, असे त्यास सांगता यावयास हवे होते. रणभूमी ही येथे रंगभूमीची तालीम झाली आहे. त्या सोललेल्या शिरस्त्वचेचीही पाठवणी लगेच झाली: दुसऱ्याच दिवशी कोडीने पत्नीस पत्र लिहून ती रॉचेस्टर शहरात एका दुकानाच्या खिडकीत मांडण्याची व्यवस्था केली. चकमकीचे वृत्त आठवडाभरात न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रात आले आणि त्याच हंगामात 'कस्टरसाठी पहिली शिरस्त्वचा' अशा अर्थाच्या उपशीर्षकाचे नाटक घेऊन कोडी गावोगाव फिरू लागला. ह्या नाटकास शेंडाबुडखा नव्हता, कोणत्याही अंकापासून आरंभ केला तरी चालत असे, हे त्याने आपल्या १८७९ च्या आत्मचरित्रात स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. न्यू इंग्लंडमधील पाद्री आणि वृत्तपत्रे यांनी निषेध केल्यावर शिरस्त्वचेचे जाहीर प्रदर्शन त्यास आवरावे लागले.

आता ह्या प्रसंगाचा पुरावा तपासू लागलो की काय दिसते? पत्र समकालीन आहे, वृत्तपत्रातील वृत्त समकालीन आहे, सैनिकांच्या आठवणी प्रत्यक्षदर्शी आहेत. राजवाड्यांच्या कसोटीस ही साधने बव्हंशी उतरतात. तरीही हे-ओ-वायला नेमके कोणी मारले याविषयी त्या सैनिकांत एकमत नाही. कोणी म्हणे कोडीने, कोणी म्हणे अन्य एका शिपायाने. आणि ज्यांनी कोडीचे नाव घेतले त्यांपैकी कित्येकांनी आठवणी लिहिण्यापूर्वी नाटक पाहिले होते, कादंबरी वाचली होती किंवा निदान भित्तिपत्रके तरी पाहिली होती. बखरकाराच्या ठिकाणी दोष काळाच्या अंतराचा असतो. येथे अंतराचा अभाव हाच दोष झाला आहे.

१८८३ साली कोडीने ओमाहा येथे 'वाइल्ड वेस्ट' ह्या भव्य मैदानी उपक्रमाचा आरंभ केला. त्याच्या अधिकृत नावात 'खेळ' ह्या अर्थाचा शब्द जाणूनबुजून वापरला जात नसे. आम्ही दाखवितो तो इतिहास, असा मालकांचा आग्रह होता. रिंगणात धावणारी डेडवुडची घोडागाडी खरी होती, घोडे खरे होते, काही काळ तर कस्टरशी लढलेले योद्धेही खरे होते. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा ताफा लंडनला गेला. ११ मे रोजी राणीने तो पाहिला, आणि पुढे एका प्रयोगात युरोपातील चार राजे त्या घोडागाडीत बसून, मागे लागलेल्या लकोटांच्या आरोळ्या ऐकत, रिंगणाला फेरी मारून आले. खेळातील प्रसंगांचा साचा मात्र ठरीव होता. घोडागाडीवर हल्ला कोण करतो? मूळ रहिवासी. वसाहतवाल्याच्या झोपडीवर कोण तुटून पडतो? मूळ रहिवासी. रिचर्ड व्हाइट यांनी १९९४ च्या आपल्या निबंधात ह्यावर मार्मिक बोट ठेवले आहे: विजयाची ही कथा असूनही तिच्यात जेते हे नेहमी आक्रमणाचे बळी असतात. ज्यांची भूमी गेली तेच आक्रमक ठरतात. मॅलिनोव्स्कीच्या सनदेचा याहून नेमका नमुना शोधून सापडावयाचा नाही.

तथापि ह्या खेळात उतरलेले लकोटा हे केवळ फसविले गेलेले बापडे होते, असे मानणे म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होईल. १८८५ च्या हंगामात सिटिंग बुल (तातांका इयोताके) हा त्यांचा नेता सुमारे चार महिने कोडीबरोबर होता. करारान्वये त्यास आठवड्याला ५० डॉलर मिळत आणि आपली छायाचित्रे व स्वाक्षरी विकण्याचा हक्क त्याने स्वतःकडे राखून घेतला होता. सामान्य कलावंतांना महिना २५ डॉलरच्या आसपास वेतन होते. राखीव प्रदेशात त्यांस ना रोजगार ना मोकळीक. १८८३ पासून तेथे त्यांच्या धार्मिक नृत्यांवर सरकारी बंदी होती, आणि परवान्याखेरीज त्या प्रदेशाबाहेर पाऊल टाकणेही कठीण होते. म्हणजे जे नृत्य स्वतःच्या घरी करणे हा अपराध, तेच लंडनच्या रिंगणात राणीपुढे केले असता त्यास वेतन मिळत असे. १८९० च्या नोव्हेंबरात कलावंतांच्या छळाच्या तक्रारींवरून वॉशिंग्टन येथे चौकशी झाली. तीत ब्लॅक हार्ट नावाच्या लकोटाने दिलेल्या साक्षीचा आशय असा: आम्ही घोड्याच्या पाठीवर वाढलो, ह्या लोकांनी आम्हांस तेच काम दिले. पुराणकथेच्या आत राहूनही आपला जीवनक्रम काही अंशी टिकवून धरण्याचा हा व्यवहार होता, आणि तो त्यांनी डोळसपणे केला.

ह्या चौकशीनंतर काही आठवड्यांतच जे घडले त्यात कथा आणि वस्तुस्थिती यांची गुंतागुंत पराकोटीस पोचली. राखीव प्रदेशांत 'प्रेतनृत्य' नावाचा धर्मपंथ पसरला होता. मृत पूर्वज परत येतील, रानरेडे परत येतील, अशी त्याच्या अनुयायांची श्रद्धा होती. सरकार घाबरले. सिटिंग बुल यास वळविण्यासाठी जनरल माइल्स याने कोणास पाठवावे? बफेलो बिल यास! स्थानिक अधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे ती भेट झाली नाही. १५ डिसेंबर १८९० रोजी अटकेच्या वेळी झालेल्या झटापटीत सिटिंग बुल मारला गेला. कोडीने भेट दिलेला त्याचा शिकाऊ घोडा गोळ्यांचा आवाज ऐकताच, खेळात शिकविल्याप्रमाणे, नाचू लागला, अशी आख्यायिका आहे. अनेक चरित्रांत ती आढळते. तिला विश्वसनीय आधार नाही. पण शोकप्रसंगातही रिंगण घुसविल्यावाचून लेखकांना राहवले नाही, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

दोनच आठवड्यांनी, २९ डिसेंबर रोजी, वुंडेड नी ओढ्याकाठी सातव्या घोडदळाने लकोटांच्या एका छावणीतील लोकांची कत्तल केली. मृतांचे अंदाज दीडशेपासून तीनशेपर्यंत आहेत आणि त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. सैन्याचे सुमारे पंचवीस लोक मेले, काही तर आपल्याच गोळ्यांनी. ह्या 'लढाई'बद्दल जवळजवळ वीस शिपायांना राष्ट्राचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्या पदकांच्या पुनर्विचाराचा आदेश २०२४ साली निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ती कायम ठेवण्यात येत असल्याचे अमेरिकन संरक्षण खात्याच्या प्रमुखाने जाहीर केले. कथेची सनद अद्याप वटते, ती अशी.

कत्तलीनंतर प्रेतनृत्य पंथाचे किकिंग बेअर, शॉर्ट बुल आदी वीसहून अधिक पुढारी शिकागोजवळ फोर्ट शेरिडन येथे कैदेत होते. १८९१ च्या वसंतात सरकारने त्यांना सोडले, पण घरी नव्हे, तर कोडीच्या स्वाधीन. आणि त्यांनी जर्मनीपासून स्कॉटलंडपर्यंत 'वाइल्ड वेस्ट'च्या रिंगणात उभे राहून आपल्याच पराभवाचा प्रयोग केला. तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १८९४ रोजी, कोडीच्या ताफ्यातील लकोटा नर्तकांना न्यू जर्सीत एडिसनच्या चित्रीकरणगृहात नेण्यात आले. तेथे काही सेकंदांच्या ज्या फिती घेण्यात आल्या त्यांतील एकीचे नाव 'सू प्रेतनृत्य' असे आहे. ते खरे प्रेतनृत्य असण्याचा संभव कमीच. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे चलच्चित्रांतील हे अगदी आरंभीचे दर्शन होय. चित्रपट नावाची वस्तू जन्मली तीच मुळी ही तयार पुराणकथा हाती घेऊन.

ह्याच दशकात विद्यापीठीय इतिहासानेही ह्या कथेस आपला हात लावला. १८९० च्या जनगणनेच्या अहवालात वसाहतीची सलग सीमारेषा आता उरली नाही असे नमूद झाले होते. त्या वाक्याचा धागा धरून फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १२ जुलै १८९३ रोजी, शिकागोतील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत, अमेरिकन लोकशाही व स्वभाव हे सीमाप्रदेशाने घडविले, हा आपला सिद्धान्त मांडला. त्याच उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या लगतच्या मैदानावर कोडीचा खेळ तुडुंब गर्दीत चालू होता. व्हाइट यांनी ह्या दोघांची जी तुलना केली आहे ती मुळातून वाचण्याजोगी आहे. टर्नरच्या कथेत नायक शेतकरी आणि आयुध नांगर. भूमी जवळजवळ रिकामी. कोडीच्या कथेत नायक टेहळ्या आणि आयुध बंदूक. भूमी शत्रूंनी भरलेली. दोघांचे वृत्तान्त परस्परविरुद्ध असूनही दोघांचा शेवट एकच: सीमाप्रदेश संपला. ह्यात मला एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. प्रांजळपणाच्या दृष्टीने पाहता, प्राध्यापकापेक्षा खेळवाल्याने मूळ रहिवाशांना अधिक जागा दिली आहे. टर्नरने त्यांना जवळजवळ अदृश्य केले; कोडीने त्यांना खलपात्र केले, पण रंगमंचावर उभे केले आणि मजुरी दिली.

चित्रपटांच्या पुढील इतिहासाचा विस्तार येथे करावयाचे कारण नाही. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) हा पश्चिमेचा आद्य गाजलेला चित्रपट पूर्वेकडील न्यू जर्सीत चित्रित झाला, एवढे सांगितले तरी पुरे. १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून जॉन फोर्ड याने मॉन्युमेंट व्हॅलीचे तांबडे सुळके हेच 'पश्चिमे'चे एकमेव रूप करून टाकले. ती भूमी नावाहो जमातीची, आणि पडद्यावरचे अपाचे किंवा कोमांचे हे बहुधा नावाहोच असत. फोर्डचे एक विधान आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी अॅरिझोनातील टूमस्टोन गावी वायट अर्प व क्लँटन गट यांच्यात अर्ध्या मिनिटाची बंदुकबाजी झाली. अर्प हा पुढे लॉस एंजेलिसमध्ये राहिला, चित्रपटवाल्यांत उठला-बसला आणि १९२९ साली वारला. त्याच्या तोंडून हा प्रसंग आपण ऐकला व 'माय डार्लिंग क्लेमंटाइन' (१९४६) मध्ये तसाच दाखविला, असे फोर्ड सांगे. प्रत्यक्षात चित्रपटात वर्ष बदलले आहे, चकमकीपूर्वीच मेलेला म्हातारा क्लँटन तीत लढतो, आणि १८८७ पर्यंत जगलेला डॉक हॉलिडे तीत मरतो. 'मी प्रत्यक्षदर्शीकडून ऐकले' हे वाक्य येथे पुरावा म्हणून नव्हे, अलंकार म्हणून आलेले आहे.

ह्या कथेचा वापर राजकारणात कसा झाला, हे रिचर्ड स्लॉटकिन यांनी आपल्या तीन मोठ्या ग्रंथांत साधार मांडले आहे. जुलै १९६० मध्ये केनेडी यांनी उमेदवारी स्वीकारताना 'नव्या सीमाप्रदेशा'ची भाषा वापरली, तेव्हा दूरचित्रवाणीवर पश्चिमेच्या मालिकांचा सुकाळ होता. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिक शत्रूच्या ताब्यातील मुलुखाला 'इंडियन मुलूख' म्हणत. आणि मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनविरुद्धच्या मोहिमेत त्याच्यासाठी जो संकेतशब्द योजला गेला तो होता 'जेरोनिमो'. खरा जेरोनिमो हा अपाचे नेता १८८६ मध्ये शरण आला आणि १९०९ मध्ये मरेपर्यंत युद्धकैदीच राहिला. कैदी असतानाच १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात तो आपली छायाचित्रे पंचवीस सेंटांना विकीत असे. त्यांतले दहा सेंट त्याला ठेवता येत, असे त्याच्या १९०६ च्या आत्मकथनात नमूद आहे.

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम दिला. अशा क्षेत्रात संशोधकास भरवसा ठेवावयाचा तर तो नाट्यमय साक्षींवर नव्हे, तर असल्या रुक्ष कागदांवर ठेवावा लागतो: करारपत्रे, वेतनाचे तक्ते, परवाने, जहाजांच्या याद्या, चौकशीच्या जबान्या. ज्या कागदापुढे प्रेक्षक नाही असे लिहिणाऱ्यास वाटत होते तो कागद, मग तो समकालीन असो वा दहा वर्षांनंतरचा असो, अधिक विश्वसनीय. राजवाड्यांचा दंडक येथे मोडत नाही. त्यात 'साक्षीदारासमोर कोण बसले होते' ह्या एका प्रश्नाची भर पडते. मात्र तेवढ्याने सर्व प्रकरणे सुटतात असेही नाही. एक प्रकरण तर अजून माझ्या मनात घोळते आहे.

१९१३ च्या शरदात वृद्ध कोडीने पाइन रिज राखीव प्रदेशात लढायांचा एक दीर्घ चित्रपट घेतला. सैन्याने तुकड्या पुरविल्या. जनरल माइल्स स्वतः हजर राहिला. वुंडेड नीचा प्रसंग त्याच स्थळी, कत्तलीतून वाचलेल्यांपैकी काहींना घेऊन, पुन्हा करण्यात आला. चान्सी यलो रोब ह्या सुशिक्षित लकोटाने पुढच्याच वर्षी एका व्याख्यानात ह्यावर जळजळीत टीका केली. ज्या दिवशी कत्तल झाली त्या दिवशी कोडी व माइल्स तेथे नव्हतेच. आता यंत्रापुढे ते वीर होऊन आले आहेत, असा त्याचा मुद्दा होता. चित्रपट फारसा चालला नाही, आणि आज त्याचे किरकोळ तुकडेच उरले आहेत. त्यानंतर सोळा वर्षांनी हाच यलो रोब 'द सायलेंट एनिमी' ह्या चित्रपटात उतरला. गोऱ्यांच्या आगमनापूर्वीचे ओजिब्वे जीवन जसेच्या तसे दाखविण्याची प्रतिज्ञा करून तो काढलेला होता. त्यात त्याने जमातीच्या प्रमुखाचे काम केले आणि त्या मूक चित्रपटाच्या आरंभी स्वतःच्या आवाजात प्रेक्षकांना ग्वाही दिली की, येथे दिसते ते आमचे खरे जीवन आहे. स्वतः ओजिब्वे नसलेल्या, आयुष्यभर असल्या प्रदर्शनांना विरोध केलेल्या माणसाने ही ग्वाही का दिली असेल? सहकलाकार लाँग लान्स हा म्हणवितो तसा ब्लॅकफुट प्रमुख नाही, हे ओळखून निर्मात्यांच्या वकिलास सावध करणाराही तोच होता. खोटी साक्ष ओळखण्याइतकी त्याची दृष्टी तीक्ष्ण होती. कदाचित त्याचा विरोध 'वाइल्ड वेस्ट'च्या घोडेबाज, रक्तपिपासू प्रतिमेला असावा, आणि शांतपणे उपासमारीशी झगडणारी माणसे एकदा तरी पडद्यावर दिसावीत असे त्यास वाटले असावे. चित्रपट मे १९३० मध्ये न्यू यॉर्क येथे प्रदर्शित झाला. यलो रोब त्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, मरण पावला होता.